चौदामायची खोळ

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय गुणाजी,

सप्रेम नमस्कार. मी इकडे ठीक आहे, तुझी तब्येत बरी असावी. थंडीचे दिवस आहेत, तुमच्याकडे तर पहाटे शेकोटीशिवाय भागत नसेल. आमच्याकडे थंडी म्हणजे नावाला, पंखा एकवर ठेवतो एवढंच. खाडीकडून डास मात्र संध्याकाळ झाली की वरात काढल्यासारखे येतात.

तुला अक्षर लागत नाही, आकडे तेवढे लागतात, हे मी विसरलेलो नाही. म्हणजे हे पत्र तुझी लेक संचिताच तुला वाचून दाखवणार. तेव्हा संचिता, तुलाही अनेक आशीर्वाद. दवाखान्यातून दमून आली असशील तर आज राहू दे, सुट्टीच्या दिवशी वाच. पत्र लांब आहे, आणि आधी तू एकटीने वाचावंस असं मला वाटतं. का ते कळेलच.

माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात. ज्या पायांनी तुझ्याबरोबर रोज आठ-दहा किलोमीटर शेतं तुडवली, त्यांना आता दोन मजले चढताना कठड्याला धरावं लागतं. तुझी नीलावहिनी गेल्याला मार्चमध्ये तीन वर्षं होतील. लेक हेमांगी ठाण्याला, वर्तकनगरला असते. तिचा सर्वेश आठ वर्षांचा झाला. दर रविवारी तिचा फोनवर एकच धोशा, "अण्णा, तुम्ही इकडे राहायला या ना, तिथे एकटे काय करताय?" मी म्हणतो, बघू. त्या घरात राहायला जायला माझे पाय का अडतात, ते तिला मी अजून सांगितलेलं नाही.

आता आमच्या इमारतीची एक गंमत सांगतो. गंमत कसली! इमारत छत्तीस वर्षांची. शेजारच्या प्लॉटवर टॉवर व्हायचा आहे, त्यासाठी दिवाळीनंतर भला मोठा खड्डा खणला, आणि त्या बाजूच्या आमच्या भिंतींना भेगा पडल्या. सोसायटीचा सेक्रेटरी संदेश, चाळिशीतला, भला माणूस. मला म्हणाला, "काका, तुम्ही सर्व्हेवाले ना? जरा बघून घ्या ना, मेंबर लोक घाबरलेत." मग मी भेगांवर काचेच्या पट्ट्या बसवल्या, आपण गावच्या शाळेच्या भिंतीवर बसवायचो तशाच. भेग वाढली की काच तडकते. त्यात न कळण्यासारखं काही नाही.

परवाच्या बुधवारी जिन्याखालची पट्टी तडकलेली दिसली. संदेशला हाक मारली. त्याने खाली वाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "अहो काका, पोरांनी बॉल मारला असेल. इथेच तर खेळत असतात दिवसभर. दुसरी लावून टाकू ना."

गुणाजी, तो खोटं बोलत नव्हता. तसंच असावं असं त्याला मनापासून वाटत होतं. अठ्ठावीस घरं आहेत. कुणाची आई अंथरुणावर, कुणाच्या मुलीची दहावी. बिऱ्हाड उचलून जायचं कुठे? बॉल लागला असेल तर सगळे प्रश्न मिटतात. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. कारण हे वाक्य मी पूर्वी बोललो होतो. शब्द वेगळे होते, वाक्य हेच.

मी वर आलो, कागद घेतला, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला अर्ज लिहिला की भिंत सरकते आहे, माणसं हलवा. गुरुवारी स्वतः जाऊन देऊन आलो. लिहायला दहा मिनिटं लागली. परिणाम म्हणशील तर संदेश आता जिन्यात मान वळवतो, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सुहासिनीबाई मला एकादशीला साबुदाणा खिचडी पाठवायच्या, त्यांचा डबा येईल असं वाटत नाही. कार्यालयातून अजून कुणी फिरकलेलं नाही. सगळे आहेत तिथेच आहेत, मीही. पण सांगायचं ते हे की दहा मिनिटं लागली, आणि मला कुणी फाशी दिलं नाही.

संचिता, गेल्या महिन्यात तुझा फोन आला होता. तू म्हणालीस, "काका, बाबा दिवसभर तो काळ्या दोऱ्याचा नट हातात घेऊन घरभर फिरतेत. भितीले लावून पाहतेत, दाराच्या चौकटीले लावून पाहतेत. आल्यागेल्याले एकच इचारतेत, माहा हात हालला असन काय? आपण समजावलं तं हो म्हणतेत, अन् घंट्याभरानं पुन्हा तेच." मग म्हणालीस, "तुम्ही एक डाव सांगा ना त्यायले. तुमचं ते ऐकतीन. खोटं का होईना, पण त्यायची चूक नव्हती म्हणून सांगा."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि महिनाभर गप्प बसलो.

खोटं सांगायची गरजच नाही, पोरी. खरं तेच आहे. ते सांगायला मला अकरा वर्षं लागली.

तू तेव्हा पंधरा-सोळाची होतीस, म्हणून मुळापासून सांगतो. खाणीत कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच खांब ठेवतात, त्यावर वरची जमीन तोललेली असते. शेवटी ते खांबही काढून घेतात, आणि मग वरची जमीन हळूहळू बसते. किती बसली, कुठे बसली, हे मोजत राहणं हे माझं काम. गावाच्या शिवारात आम्ही सिमेंटचे छोटे खुणेचे खांब गाडले होते, एकूण एकतीस. दर दोन महिन्यांनी मी दुर्बीण लावायची आणि तुझ्या बाबांनी प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आकड्यांची उंच दांडी उभी धरायची. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी हेच केलं. मी त्याला अरे-तुरे करायचो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, हे मला त्याच्या पेन्शनच्या कागदावर कळलं.

त्यातला चौदा नंबरचा खांब नाल्याकाठच्या कडुनिंबाखाली होता. त्यावर लाल रंगात १४ लिहिलेलं. लाल रंग, कडुनिंब, आणि वर्षातून सहा वेळा साहेब लोक येऊन तिथे वाकतात! दोन वर्षांत गावाने त्याला शेंदूर फासला आणि चौदामाय म्हणायला सुरुवात केली. खुणेच्या खांबाला कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा नियम आहे. मी कुंपण घालायला हवं होतं. मी हसलो. ऑफिसात सगळ्यांना रंगवून सांगितलं. नवसाचं खोबरंही खाल्लं. दर मंगळवारी मालनवहिनी, तुझी आई, तिला तेल-शेंदूर लावायच्या. थरावर थर चढून खांबाच्या डोक्यावर चांगली बोटभर जाड खोळ झाली. गुणाजी तिच्यावर दांडी ठेवण्याआधी कान धरायचा, "माय, डोक्यावर लाकूड ठेवतो, माफ कर." आणि मी दर वेळी शेंदराची जाडी हिशेबातून वजा करायचो. असं मोजमाप जगात दुसरीकडे कुठे झालं नसेल.

आता तो दिवस. शनिवार, ८ फेब्रुवारी २०१४.

सकाळी आठला सुरुवात केली. दांडीवरचा बुडबुडा, ज्यावरून दांडी सरळ आहे की नाही ते कळतं, तो वर्षभरापूर्वी फुटला होता. मी नवीन मागवतो मागवतो म्हणत मागवला नव्हता. गुणाजीने स्वतःचा ओळंबा केला होता, काळ्या दोऱ्याला लोखंडी नट. तो दांडीला लटकवायचा, दोरा थांबेपर्यंत थांबायचा, मगच मला हात दाखवायचा. मला घाई असली तरी थांबायचा. त्या दिवशी मला घाई होती. संध्याकाळची गाडी पकडायची होती, रविवारी डोंबिवलीत हेमांगीचा साखरपुडा होता.

चौदा नंबर एकवीस मिलिमीटर खाली दिसला. दोन महिन्यांत एकवीस. आधी कधी तीनच्या वर गेला नव्हता. मी डोळे पुसून पुन्हा वाचलं. तेच. आणि माझ्या मनात काय आलं ते ऐक. मनात आलं, खोळ पडली असेल. शेंदराची खोळ कधीतरी आपोआप गळून पडते, सगळ्या देवांची पडते. बोटभर जाडी म्हणजे वीस-बावीस मिलिमीटर. कसं चपखल बसलं! मी शंभर मीटरवर दुर्बिणीपाशी उभा होतो. चालत जाऊन बघायला दोन मिनिटंही लागली नसती. मी पुस्तकात लिहिलं, "खोळ पडल्याने फरक. जमीन स्थिर." आणि तुझ्या बाबांना पुढच्या खांबाकडे जायची खूण केली.

दुपारी तुमच्या ओट्यावर चहा घेतला. मालनवहिनींनी हेमांगीसाठी म्हणून तिळाचे लाडू बांधून दिले. निघताना मी सहज विचारलं, "काय रे, मायची खोळ पडली म्हणे?"

गुणाजी म्हणाला, "नाही जी. कोण म्हणते? तशीच हाये."

आतून मालनवहिनी म्हणाल्या, "परवाच्या मंगयवारी तं म्या शेंदूर लावला, साहेब. पडली असती तं आमी साऱ्या गावाले जेवण नसतं घातलं?"

गुणाजी, तुला हे आठवत असेल, पण त्याचा अर्थ तुला कधीच कळला नसेल. खोळ जागेवर होती, म्हणजे खांब खरोखरच खाली गेला होता. म्हणजे नाल्याकाठी खालची पोकळी वर यायला लागली होती. लाडवांचा पुडा हातात घेऊन मी तुझ्या ओट्यावर उभा होतो आणि मला हे सगळं त्याच क्षणी समजलं. माझा गैरसमज झाला होता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तो शब्द खोटा आहे. मला समजलं होतं.

मला एवढंच करायचं होतं. मॅनेजरच्या नावाने चिठ्ठी, आणि चौदा नंबरभोवती बाभळीच्या काट्या. दहा मिनिटं. पण चिठ्ठी दिली असती तर मला थांबवून घेतलं असतं, खांबांची सगळी रांग पुन्हा मोजावी लागली असती आणि साखरपुडा चुकला असता. मी म्हटलं, बुधवारी येतोच आहे. इतकी वर्षं तग धरलेली जमीन आणखी चार दिवस धरेल. तुला म्हणालो, "मंगळवारी वहिनींना म्हणावं, माझ्या नावाने नारळ फोडा." हे शब्द माझे. ते मी चौकशीत सांगितले नाहीत, आजवर कुणालाच सांगितले नाहीत.

संचिता, इथून पुढचं तुला माहीत आहे. मंगळवारी सकाळी तुझी आई तेल-शेंदूर आणि नारळ घेऊन गेली. नारळ माझ्या नावाचा होता, हे तुला माहीत नव्हतं. खांबाच्या शेजारीच विहिरीएवढी जमीन आत गेली. तिला बाहेर काढायला दोन दिवस लागले, तेव्हा तू काठावर बसून होतीस.

फोन आला तेव्हा मी वर्तकनगरला हेमांगीच्या सासरी लग्नाच्या याद्या लिहीत होतो. गॅलरीत जाऊन ऐकलं. आत आलो. व्याही म्हणाले, "काय, सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "हो, कामाचा फोन." आणि बसून पुढे लिहिलं, केळीची पानं दोनशे. त्या घरातल्या त्या सोफ्यावर मी अजून नीट टेकून बसू शकत नाही.

बुधवारी पोचलो तर चौदामाय खड्ड्याच्या काठावर तिरकी होऊन उभी होती, खोळ जशीच्या तशी, ताज्या शेंदराने चमकणारी. सगळा गाव आणि सगळे अधिकारी बघत होते. म्हणजे माझ्या पुस्तकातली ओळ खोटी, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पुस्तक अजून माझ्याच बॅगेत होतं. क्वार्टरवर जाऊन मी ते पान फाडलं, आणि नवीन पुस्तकात सगळा आठवडा पुन्हा उतरवला. त्यात चौदा नंबरपुढे लिहिलं, "दांडी तिरपी धरल्याने वाचन संशयास्पद, पुन्हा घ्यावे."

गुणाजी, चौकशीत तुला विचारलं, दांडीला बुडबुडा होता का? तू म्हणालास, "फुटला होता जी." दांडी सरळच होती अशी शपथ घेशील का? तुझी बायको जाऊन सतरा दिवस झाले होते. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "माणसाचा हात हाये जी. हालला बी असन." त्यांनी ते लिहून घेतलं, तुझा अंगठा घेतला. तुझ्या खिशात तो ओळंबा होता. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो आणि मला माहीत होतं की तो आहे. मला हेही माहीत होतं की चार मीटरची दांडी वरच्या टोकाला हातभराहून जास्त झुकल्याशिवाय एकवीस मिलिमीटरचा फरक पडत नाही, आणि तेवढी झुकलेली दांडी आंधळ्यालाही दिसते. मला कुणी विचारलं नाही. मी बोललो नाही.

तुला सर्व्हेतून काढून पंपावर टाकलं. मी रिटायर झालो, मला शाल-श्रीफळ मिळालं.

संचिता, तुझ्या नर्सिंगच्या ॲडमिशनला मी नागपूरला दोन दिवस रांगेत उभा राहिलो, तू मला काका म्हणायला लागलीस, दर दिवाळीला तुझा फोन येतो. आता कळलं असेल की मी का उभा राहिलो. तो चांगुलपणा नव्हता. इथून पुढे काका म्हणू नकोस, असं सांगायचा मला अधिकार नाही, पण म्हणशील असं मी धरून चाललेलो नाही.

सोबत ते मूळ पान जोडलं आहे. मागच्या बाजूला मी माझ्या हाताने सगळं लिहून सही केली आहे. याचा उपयोग किती, हे खरं सांगतो, बहुधा काहीच नाही. चौकशी बंद झाली, खाण बंद झाली, त्या भागात पाणी भरलं. कुणापुढे येऊन बोला म्हणालीस तर येईन. येऊ नका म्हणालीस तर तेही बरोबर आहे. हेमांगीला हे पत्र पोस्टात टाकल्यावर सांगणार आहे. आधी सांगितलं तर ती मला थांबवेल, आणि मी थांबेन. मी स्वतःला ओळखतो.

मघाशी तू एकटीने वाच म्हटलं, ते यासाठी. तुझ्या आईबद्दलचं हे सगळं मोठ्याने वाचणं तुला जमेल का, मला माहीत नाही. आणि तू म्हणालीस तसं बाबा तासाभराने विसरत असतील, तर एकदा वाचून भागणारही नाही. माफी मागणार होतो, तीन वेळा लिहून खोडली. ती मागितली की तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. ते ओझं नको.

म्हणून शेवटी चार ओळी वेगळ्या लिहितो. बाबांना तेवढ्याच वाचून दाखव. त्याने पुन्हा विचारलं की पुन्हा वाच.

गुणाजी, मी गुप्ते साहेब बोलतोय. शनिवारी चौदा नंबरला तू ओळंबा लावला होतास. दोरा थांबेपर्यंत थांबला होतास. मी दुर्बिणीतून बघत होतो. तुझा हात हलला नाही. मी खोटं लिहिलं.

दांडी सरळ होती.

वाचन घेणारा,
रघुनाथ गुप्ते